साठपर्यंत

"उघड," भोंगा म्हणाला आणि हातातला लोखंडी पाइप त्याने टेबलावर असा हाणला की डबीतले स्क्रू उडून खोलीभर पसरले.

पाइप माइकच्या स्टँडचा होता. टेबल माझ्या आत्याचे होते. आणि टेबलावर उताणा पडलेला पंचवीस किलोचा काळा ॲम्प्लिफायरही आमच्या ओळखीचाच होता. आठ दिवसांपूर्वी तो आमच्या दुकानातून ठणठणीत बरा होऊन गेला होता. निदान मी तसे अख्ख्या वर्गाला सांगितले होते.

भोंगा लाउडस्पीकर भाड्याने देतो. त्याचे खरे नाव बहुतेक त्याच्या आईलाच आठवत असेल. आवाज असा की त्याला माइक देणे म्हणजे उगाच विजेची नासाडी. त्याचा धाकटा भाऊ पिन, वीस-एकवीस वर्षांचा, उभा राहिला तर वायरला गाठ मारल्यासारखा दिसणारा. भोंग्याची सगळी जोडाजोडी तोच करतो. करायचा.

काल दुपारी मैदानावर गाण्याचा कार्यक्रम होता. ऐन रंगात आवाज गेला. सेट, म्हणजे हाच ॲम्प्लिफायर, दहा फुटांच्या मचाणावर होता. पिन वर चढला, बटण बंद केले, प्लग काढला, झाकण उघडले, आतला फ्यूज बघायला हात घातला आणि कोणीतरी छातीत लाथ घातल्यासारखा मागच्या मागे खाली आला. खाली लोखंडी खुर्च्यांची चळत होती. मांडीचे हाड दोन ठिकाणी मोडले, जबडा फुटला. तीन दात नंतर कोणीतरी कागदाच्या पुडीत आणून दिले.

"साठ मोजले होते त्याने," भोंगा आत्याला म्हणाला. "तोंडाने मोजले. मी खाली उभा होतो, मी ऐकलं. साठ झाल्यावर हात घातला. तुम्हीच शिकवलंत ना त्याला, बाई?"

एरवी तो आत्याला ताई म्हणतो. ते 'बाई' ऐकून मला पाइपपेक्षा जास्त भीती वाटली.

साठचे प्रकरण असे आहे. प्लग काढला म्हणून सेट मरत नाही. आत दोन कपॅसिटर असतात, पाण्याच्या पेल्याएवढे, एक प्लस बाजूचा आणि एक मायनसचा. ते वीज पोटात धरून बसतात. आत्या प्रत्येक सेटमध्ये दोघांवर एकेक रेझिस्टर बसवते, तो ही साठवलेली वीज हळूहळू पिऊन टाकतो. बंद केल्यावर साठ मोजायचे. साठला पोट रिकामे. आणि सेट दुकानाबाहेर जाण्याआधी दोन्ही बाजूंना मीटर लावून, साठ मोजून, काटा शून्यावर आलेला डोळ्यांनी बघायचा. आधी एक बाजू, मग दुसरी. तीस वर्षांत आत्याने हे एकदाही चुकवलेले नाही. लाउडस्पीकरवाल्यांची पोरे म्हणत, बाईंच्या सेटमध्ये साठ मोजा आणि डोळे मिटून हात घाला. पिन तर वर्षभर आमच्याकडेच शिकायला होता. त्याने मोजले असणारच.

आत्या म्हणजे माझ्या बाबांची मोठी बहीण. आमच्याच घराची पुढची खोली तिचे दुकान. वय बावन्न, नाकावर जाड चष्मा, अंगात मोठ्या खिशांचा पुरुषी शर्ट. काम करताना तिचा डावा हात कायम खिशात. ऐट म्हणून नव्हे. दोन्ही हात आत असले तर करंट एका हातातून शिरून दुसऱ्यातून जातो आणि मध्ये आपली छाती असते. मी पाच वर्षांची असताना ही गोष्ट मला राक्षसाच्या गोष्टीसारखी सांगितली गेली होती. राक्षस कपॅसिटरमध्ये राहायचा.

"पाइप खाली ठेव," आत्या भोंग्याला म्हणाली. "टेबल हादरलं की मीटरचा काटा हलतो."

त्याने ठेवला नाही. दाराला आतून कडी घातली आणि स्टूल ओढून समोर बसला. आईबाबा दोघेही कामावर. दुपारचे अडीच वाजलेले. मी शाळेच्या गणवेशातच भिंतीला चिकटून उभी होते.

"तुमची चूक निघाली तर हे दुकान फोडणार," तो म्हणाला. "त्याची असली तर मी गप उठून जाईन. माझ्यासमोर शोधा."

आत्याने झाकण काढले. मी दिवा जवळ धरला. आणि मला तो टाका दिसला.

सोल्डरचा टाका, तार जोडणारा वितळलेल्या धातूचा थेंब, म्हणजे माणसाचे अक्षरच असते. आत्याचा टाका बारीक तंबूसारखा, चकचकीत, सगळ्या बाजूंनी सारखा उतरलेला. मायनसच्या रेझिस्टरच्या पायाला मात्र राखाडी गोळा चिकटला होता, बाकाखाली कोणी च्युइंगम लावावे तसा. तो माझा होता. स्वतःचे अक्षर कोणाला ओळखू येत नाही?

आठ दिवसांपूर्वी आत्या दाताच्या डॉक्टरकडे गेली होती. सेट जवळजवळ झाला होता, फक्त जळकट झालेले दोन रेझिस्टर बदलायचे होते. मी बदलले. एकटीने. पहिल्यांदा. बाहेर भोंग्याची गाडी हॉर्नवर हॉर्न देत होती. मी प्लसला मीटर लावले, साठ मोजले, काटा असा डौलात खाली आला की मी खोलीत एक गिरकी घेतली. मायनस राहिला. राहिला म्हणजे, एक बाजू आली तर दुसरी येणारच, असे मी ठरवून टाकले. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत स्वतःला चीफ इंजिनिअर जाहीर केले. मुली मला तशी हाकही मारू लागल्या होत्या.

आत्याने बल्बची फळी पुढे ओढली. सेटला जाणारी वीज आधी या बल्बमधून जाते. आत शॉर्ट असला तर बल्ब भक्क पेटतो आणि सेट वाचतो. सेट ठीक असला तर बल्ब जेमतेम लाल होऊन विझत जातो. तिने बटण दाबले. बल्ब भक्क पेटला. भोंगा स्टुलासकट मागे सरकला.

"घाबरू नकोस," आत्या म्हणाली. "हा ओरडतो, चावत नाही."

तिने बटण बंद केले, ट्रान्सफॉर्मरच्या तारा पुढच्या भागापासून सोडवल्या आणि पुन्हा लावून बघितले. बल्ब लालसर होऊन विझला. म्हणजे ट्रान्सफॉर्मर चांगला. मग तिने ब्रिज तपासला. ब्रिज म्हणजे चार डायोडांची चौकोनी वडी. तिच्यातून वीज एकाच दिशेने जावी अशी सोय असते. प्लसकडचा एक डायोड दोन्ही दिशांना मोकळा निघाला.

"हा फुटला म्हणून फ्यूज उडाला, म्हणून आवाज गेला," ती म्हणाली. "स्पीकरच्या किती पेट्या लावल्या होत्यास?"

"आठ."

"सेट चार पेट्यांचा आहे."

भोंग्याने पाइपचे टोक जमिनीवर घासले. "आवाज जाणं सोडा. आवाज गेला तर लोक शिव्या देतात, दात पाडत नाहीत. त्याला धक्का का बसला ते सांगा."

या वेळी मला बोलता आले असते. मी वादविवाद स्पर्धेत पहिली येते. मुख्याध्यापकांसमोर बोलताना माझा घसा कोरडा पडत नाही. त्या दुपारी मी नुसती पाइपकडे बघत होते. त्याच्या बुडाला वाळलेले काहीतरी तपकिरी लागले होते. रंग असेल, असे मी स्वतःला सांगत होते.

आत्याने नवीन ब्रिज बसवला, ॲम्प्लिफायरच्या कार्डांच्या, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या सर्किटांच्या, तारा काढून बाजूला केल्या आणि बटण दाबले. बल्ब शांत राहिला. मीटर म्हणाले, प्लस नव्वद, मायनस नव्वद. तिने बटण बंद केले, प्लग काढून भोंग्याच्या मांडीवर ठेवला आणि मीटर प्लसला लावले.

"मोज," ती म्हणाली.

भोंग्याने मोजले. काटा उतरत गेला आणि बेचाळीसला खाली पडल्यासारखा झाला. तो साठपर्यंत मोजत राहिला. मग आत्याने प्लग परत लावून पुन्हा बटण दाबले, पुन्हा बंद केले, प्लग काढला आणि मीटर मायनसला लावले. या वेळी भोंगा मोजताना पुढे वाकला होता. वीस. तीस. काटा नव्वदच्या घरात बसून होता. पन्नासला भोंग्याचा आवाज बारीक झाला. मी त्याचा बारीक आवाज आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. साठला काटा पंच्याऐंशीवर होता.

आत्याने प्लास्टिकच्या काडीने तो राखाडी गोळा हलवला. रेझिस्टरचा पाय किडक्या दातासारखा आत डुलला. तिने चष्मा वर केला, गोळ्याकडे नीट बघितले. माझ्याकडे बघितलेच नाही. टेबलाखाली तिची टाच माझ्या पायावर आली आणि तिने सगळे वजन टाकले.

"टाका कच्चा राहिला," ती म्हणाली. "माझी चूक."

भोंगा उठला. मला वाटले तो आता कपाट फोडेल, खिडकी फोडेल. त्याने विचारले, "कुठल्या हाताने मारला होतात टाका?"

आत्याचा डावा हात खिशात होता. उजवा टेबलावर, मीटरशेजारी. तिने तो मागे घेतला नाही.

पाइप खाली आला. मीटरची काच फुटल्याचा आवाज मी वेगळा ऐकला आणि दुसरा आवाज वेगळा ऐकला. ओली लाकडी फळी मोडावी तसा. त्याने पाइप पुन्हा उचलला आणि पुन्हा हाणला. या वेळी फक्त दुसराच आवाज आला. आत्या खुर्चीत बसली. ओरडली नाही. तोंडातून नुसती हवा बाहेर पडली. टेबलावर काचेचे तुकडे, त्यात रक्त, त्या रक्तात मीटरचा काटा तुटून चिकटलेला.

मी किंचाळत होते. हे मला नंतर शेजाऱ्यांनी सांगितले.

आत्याने खिशातला डावा हात बाहेर काढला आणि मायनसच्या कपॅसिटरकडे बोट केले.

"आधी तो रिकामा कर," ती मला म्हणाली. "कोणाचा हात लागेल."

भोंग्याचा हात सेटच्या उघड्या कडेवर होता. त्याने तो झटकन मागे घेतला. मी दोन तारांचा बल्ब आणला, टोके लावली. बल्ब एकदा लखकन पेटला, मंद होत गेला, मेला. मी हे सगळे रडत केले, पण एक हात पाठीमागे ठेवून केले.

"उद्या संध्याकाळपर्यंत सेट पाहिजे," भोंगा कडी काढताना म्हणाला. पाइप तो टेबलावरच विसरून गेला.

डॉक्टरांना आत्याने सांगितले की ट्रान्सफॉर्मर हातावर पडला. डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला, तिच्याकडे बघितले आणि विचारले, दोनदा पडला का. ती म्हणाली, हो, वाईट सवय आहे त्याला. अंगठ्याशेजारची दोन बोटे जुळतील, पण बारीक वस्तू चिमटीत धरता येणार नाही, असे ते म्हणाले. आत्याने विचारले, किती बारीक. डॉक्टरांना प्रश्न कळला नाही.

बाबांना पोलिसांत जायचे होते. आत्याने साफ नाही म्हटले. त्या पोराचा जबडा तारेने बांधलाय, त्याच्या भावाला आत टाकून त्याला भरवणार कोण, असे म्हणाली. बाबा तणतणत अंगणात फेऱ्या मारत राहिले. त्यांना राखाडी गोळ्याचे काहीच माहीत नव्हते.

मी आत्याजवळ बसले आणि म्हटले की मी भोंग्याला सांगणार आहे.

"काही सांगायचं नाही," ती म्हणाली. "एका घरातून एक हात गेला, पुरे झाला. तुझा अजून बनायचाय."

"पण तू का घेतलंस अंगावर?"

"दुकान कोणाचं आहे? टाका माझ्याच दुकानातून गेला ना?" मग डोळे मिटून म्हणाली, "तुझं काम तपासायला मी थांबले नाही. दाढ दुखत होती. दाढेचं काय एवढं!" आणि तेव्हा मात्र ती रडली, दाढेसाठी रडावे तशी, चिडून.

दुसऱ्या दिवशी शाळेला दांडी. प्लॅस्टरमधला हात उशीवर ठेवून आत्या टेबलाशी बसली आणि मी टाका मारला. पुन्हा, ती म्हणाली. मी सोल्डर वितळवून काढला, पाय घासून पुन्हा मारला. पुन्हा. चौथ्या वेळी तिने दिवा स्वतः डाव्या हातात धरला, बराच वेळ बघितले आणि दिवा खाली ठेवला. शाबासकी नाही, काही नाही. मीटर तर उरले नव्हते. मग आम्ही सेट चालू केला, बंद केला, साठ मोजले आणि मी दोन तारांचा बल्ब आधी प्लसला आणि मग मायनसला लावला. दोन्हीकडे तो काळाच राहिला.

संध्याकाळी भोंगा गाडी घेऊन आला. आत्याच्या प्लॅस्टरकडे न बघता त्याने सेट उचलला. मी पुढच्या सीटवर चढून बसले.

"तू कुठे?"

"लावून द्यायला."

आत्या दारात आली होती. तिला कळले असणार. मला वाटले आता ओरडेल. तिने फक्त विचारले, "बल्ब घेतलास?" मी खिसा दाखवला. भोंग्याने गाडी सुरू केली.

भोंग्याच्या घरात एकच मोठी खोली, अर्धी स्पीकरच्या पेट्यांनी भरलेली. पेट्यांच्या मधल्या बोळात पिनची खाट. पाय वजन लावून टांगलेला, जबडा बांधलेला, एक डोळा सुजून बंद. मला बघून त्याने उघडा डोळा मिचकावला. तेवढ्याने माझे सगळे अवसान गळले, आणि गळता गळताच मी बोलले.

"तो टाका माझा होता," मी म्हटले. "आत्याचा नाही. आत्या घरात नव्हती. मी प्लस बघितला आणि मायनस बघितलाच नाही."

भोंग्याने सेट खाली ठेवला. मग वळला आणि मला थोबाडीत मारली. पंजा एवढा मोठा की कान, गाल, मान सगळे एकदम गेले. मी पेटीवर आपटले, कोपर फुटले. कानात माइक स्पीकरसमोर धरल्यावर वाजते तशी शिट्टी सुरू झाली. मी उठून पुन्हा त्याच जागी उभी राहिले. तोंडात रक्ताची चव होती. त्याने दुसऱ्यांदा हात उगारला.

"दादा," पिन खाटेवरून म्हणाला. बांधलेल्या दातांमधून शब्द पिळून निघत होते. "पोरगी आहे ती. आणि हात तर तू मोडलास ना? कोणाचा मोडलास?"

भोंग्याचा हात वरच राहिला. तो स्वतःच त्या हाताकडे बघत होता, दुसऱ्याच कोणाचा असल्यासारखा.

"काल बोलली का नाहीस?" त्याने मला विचारले.

"घाबरले."

"आणि आज?"

"आज पण घाबरलेय."

तो पेटीवर बसला. माझ्या कानातली शिट्टी तेवढी चालू होती. मग त्याने पायाने सेट माझ्याकडे ढकलला. "हा परत वर जाणार. वर आता मला चढायचंय. कशावरून विश्वास ठेवू?"

मी बल्ब काढला.

"बल्ब नको," तो म्हणाला. "हात घाल."

मी झाकण उघडले. त्याने सेट दोन पेट्यांना जोडला आणि एक गाणे लावले, फुल्ल आवाजात. खिडकीच्या काचा थरथरल्या, पिनच्या पायाला टांगलेले वजन हलायला लागले. मग त्याने बटण बंद केले, प्लग काढला आणि लगेच पेट्यांच्या तारा उपटल्या. खोली एकदम बहिरी झाली. मी डावा हात पाठीमागे घेतला.

"दोन्ही," भोंगा म्हणाला.

मी डावा हात पुढे आणला. पिनने मान वळवली. "मी मोजतो," तो म्हणाला.

त्याने एकपासून सुरुवात केली. सावकाश, आत्या मोजते तसे, प्रत्येक आकड्याला पूर्ण जागा देऊन. बांधलेल्या जबड्यातून दोन आणि तीन सारखेच ऐकू येत होते. वीस झाले. माझ्या तळव्यांना घाम आला होता आणि ओल्या हाताला धक्का जास्त बसतो हे मला माहीत होते, म्हणून मी ते स्कर्टला पुसत होते. तीस. मला चौथा टाका आठवत होता. तंबूसारखा उतरलेला, चकचकीत. होता ना? चाळीस. बेचाळीस. भोंगा पेटीवरून उठून उभा राहिला होता. त्याने माझ्या दिशेने हात पुढे केला, मला मागे ओढायला की काय, आणि तसाच धरून ठेवला. पन्नास. पंचावन्न.

साठला मी डावा हात सेटच्या पत्र्याला टेकवला आणि उजव्या हाताची बोटे मायनसच्या स्क्रूवर ठेवली.

स्क्रू थंड होता. पत्राही थंड होता. बाकी काही नव्हते.

भोंग्याने श्वास सोडला, हात खाली घेतला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मला पिनकडे बघून हसायचे होते. पण पिन माझ्याकडे बघतच नव्हता. उघडा डोळा छताला लावून, मुठीत चादर घट्ट धरून तो अजून मोजत होता. एकसष्ट. बासष्ट. त्रेसष्ट.

मी बोटे स्क्रूवरून काढली नाहीत.